हेलसिंकीला नडले ३० मिनिटं, मेलबर्नला नडला गुडघा : खाशाबा जाधवांच्या शरीराची गोष्ट

दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला पोरं जातात. मसाई पठार, चिखल, ओढे आणि धो धो पाऊस तुडवत शाहूवाडी तालुक्यात पांढरेपाण्याला पोचतात, खिंडीत माथा टेकवतात आणि घरी येतात. खरी मजा दुसऱ्या दिवशी सुरू होते. जिना चढता येतो, पण उतरता येत नाही. मांड्या भरून आलेल्या असतात आणि गुडघा प्रत्येक पायरीला आठवण करून देतो.

असं का होतं? तर चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला उलटं काम असतं. अंगाचं वजन खाली झेपावू नये म्हणून तो ताणला जात असतानाच ब्रेक लावत राहतो. या ब्रेक लावण्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी जोर करतं. आणि हा सगळा भार जातो तो गुडघ्यातनं. आठवड्याभरात आपण ते विसरून जातो.

पण कुस्ती खेळणाऱ्याला गुडघा विसरून चालत नाही. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांची गोष्ट आपण पदकापाशी सुरू करतो आणि पदकापाशीच संपवतो. त्यांच्या शरीराचं काय झालं, याकडं फारसं कुणी बघत नाही. आज ते बघू.

१५ जानेवारी १९२६. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावात दादासाहेब जाधवांच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. पाच भावांतले खाशाबा सगळ्यात धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षी मातीत उतरले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलला आणि पुढं कॉलेजसाठी कोल्हापूर, राजाराम कॉलेज.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी १९१२ साली इथं खासबाग मैदान उभं केलं, गावोगावच्या पैलवानांना आसरा दिला आणि पेठापेठांत तालमी घुमायला लागल्या. अजूनही शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी या डोंगरी तालुक्यांतली पोरं वळकटी घेऊन कोल्हापूरच्या तालमीत राहायला येतात. खाशाबाही असेच बाहेरगावचे. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले.

आता खाशाबा दिसायला कसे होते? तर आपल्या डोक्यात पैलवान म्हणलं की जो सव्वाशे किलोचा गडी येतो, तसे अजिबात नव्हते. बुटके, शिडशिडीत, वजन पन्नाशीच्या आसपास. त्यांना पुढं पॉकेट डायनामो असं नावच पडलं. मग एवढ्याशा देहात ताकद यायची कुठनं?

इथं जरा शरीराच्या रचनेत शिरावं लागेल.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं आणि ६०० हून जास्त स्नायू असतात. हाडं म्हणजे घराचे वासे, स्नायू म्हणजे ते ओढणारे दोर. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आपण ढकलतो तेव्हाही कुठला तरी स्नायू कुठलं तरी हाड ओढतच असतो. स्नायू हाडाला जोडणारी दोरी म्हणजे स्नायुबंध आणि हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी म्हणजे अस्थिबंध. जिथं दोन हाडं एकमेकांवर फिरतात तिथं गुळगुळीत कूर्चा असते आणि गुडघ्यासारख्या ठिकाणी वर आणखी गादी.

आता गंमत अशी की ताकद नुसत्या स्नायूच्या जाडीवर ठरत नाही. मेंदू एका वेळी स्नायूतले किती धागे कामाला लावतो, किती झटक्यात लावतो आणि कुठल्या क्रमानं लावतो यावर ती ठरते. एकच डाव हजार वेळा घोटला की हा क्रम अंगात मुरतो. वस्ताद पोराला तोच तोच डाव पुन्हा करायला लावतो, त्यामागं हे कारण असतं. खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. समोरच्याची मान बगलेत धरायची, कमरेचा टेकू द्यायचा आणि त्याला पाठीवर आणायचं. यात हाताच्या ताकदीपेक्षा कंबर, पोट आणि मांडी यांचं टायमिंग जास्त. शिवाय माणूस बुटका असला की त्याच्या अंगाचा गुरुत्वमध्य आधीच खाली असतो, समोरच्याच्या खाली शिरायला त्याला कमी वाकावं लागतं.

तालमीतला व्यायामही बघा. जोर मारताना खांदा, छाती, पाठ एका लयीत ताणतात. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग तयार होतो. खोऱ्यानं हौदातली माती उकरणं हा तर पाठीचा, मनगटाचा आणि दमाचा एकत्र व्यायाम. ही माती हळद, तेल, ताक घालून मऊ केलेली असते. पोरगं तिच्यात हजार वेळा आपटलं तरी हाड मोडत नाही, कारण माती धक्का खाते. आणि पाय फिरला तर पायाबरोबर मातीही सरकते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिक आलं. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि खाशाबा फ्लायवेट गटात खेळायला गेले. तोवर सगळी कुस्ती मातीतली. तिथं गेल्यावर कळलं की कुस्ती मॅटवर आहे, नियम वेगळे आहेत, गुणांचा हिशोब वेगळा आहे. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तयारी करून घेतली. खाशाबा सहावे आले. पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणाऱ्या पोरानं जगात सहावा नंबर काढणं ही सोपी गोष्ट नव्हती.

पुढची चार वर्षं त्यांनी सराव दुप्पट केला आणि वजनगट वाढवून ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये आले. पण १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवडच होईना. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध एका गुणानं ते मागं पडले. खाशाबांना हा निकाल मान्य नव्हता. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा लढत लागली आणि खाशाबांनी ती जिंकली.

निवड झाली, आता पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. कॉलेजचा प्राचार्य आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकतो, हा विषय कोल्हापुरातच घडू शकतो.

आता हेलसिंकी. पहिल्या लढतींत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना घरी पाठवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. मूळचा ज्युदोवाला. ही लढत सुमारे पंधरा मिनिटं चालली आणि थोडक्यात इशीच्या पारड्यात गेली. याच इशीनं पुढं सुवर्ण जिंकलं, त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

खरा घोळ त्यानंतर झाला. इशीबरोबरची कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवविरुद्ध उतरायला सांगण्यात आलं. नियमानं दोन लढतींत अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे ठणकावून सांगायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले. मामदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

या अर्ध्या तासानं असा काय फरक पडला असता? भरपूर पडला असता.

कुस्तीत स्नायू सारखे आखडून धरलेले असतात. पकड म्हणजे नेमकं हेच. स्नायू जोरात आवळला की त्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. रक्त कमी, म्हणजे प्राणवायू कमी. मग स्नायू साठवलेल्या साखरेतून प्राणवायूशिवायच ऊर्जा काढतो आणि आतली आम्लता वाढत जाते. पंधरा मिनिटं असं झुंजल्यावर हाताची बोटं मिटत नाहीत, मनगट ढिलं पडतं, पाय थरथरतात. झटक्याच्या ताकदीचा साठा काही मिनिटांत बराचसा भरून येतो, पण साचलेली आम्लता निघायला, श्वास आणि हृदयाचे ठोके जाग्यावर यायला वेळ लागतो. अर्ध्या तासात माणूस पूर्ण ताजा होत नाही, पण पुन्हा पकड बसवण्याइतका नक्की होतो. ढाक मारायचा तर मान पकडून ठेवता आली पाहिजे. पकडच निसटली तर डाव कितीही घोटलेला असो, उपयोग शून्य.

नियमावलीत अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली जाते ती स्नायूला तेवढा वेळ लागतो म्हणून. ती मिळवून देणारा माणूस मात्र सोबत पाठवलेला नव्हता. माझ्या मते खाशाबांच्या पदकाचा रंग ठरला तो इथं.

तरी पदक आलंच. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातनं खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यांतर्गत स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवायलाही लागले. पुढचं लक्ष्य होतं १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. वय तिशीचं, अनुभव दोन ऑलिम्पिकचा. आणि तयारी सुरू असताना गुडघा गेला. दुखापत एवढी गंभीर होती की मेलबर्नचा विषयच संपला.

आता आधीचं वाक्य आठवा, पायाबरोबर माती सरकते ते.

गुडघा हा तसा बिजागरीचा सांधा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढं वाटी. पुढं-मागं दुमडायला तो उत्तम, पण पिळायला बनलेलाच नाही. त्याला जागेवर धरतात चार अस्थिबंध, दोन बाजूंना आणि दोन आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे. हाडांच्या मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, धक्का खाणाऱ्या. कुस्तीत पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि समोरचा गडी अंगाला पिळा देत असतो. मातीत पाऊल थोडं घसरतं, पिळा वाटून जातो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट घट्ट बसतो, पाऊल हलत नाही, मग सगळा पिळा गुडघ्यात उतरतो. त्यात फुलीतला पुढचा अस्थिबंध तुटतो, नाहीतर गादी फाटते, आणि वाईट दिवस असला तर दोन्ही. मातीतही गुडघे जातात, कुस्ती आहे ती, पण मॅटवर पिळ्याला पळवाट कमी.

अस्थिबंध तुटला की बऱ्याचदा आतून खट् असा आवाज येतो, थोड्या तासांत गुडघा टम्म सुजतो आणि सूज उतरल्यावर चालताना पाय मधेच दगा देतो. गादी फाटली तर गुडघा अडकतो, पुरता सरळ होत नाही. यातली मेख अशी की पुढचा अस्थिबंध तुटल्यावर आपोआप नीट जुळत नाही. गादीच्या आतल्या भागालाही रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळं तीही भरून येत नाही. हाड मोडलं तर जुळतं, हे मात्र नाही. म्हणून पैलवान हाडापेक्षा गुडघ्याला जास्त घाबरतो.

आणि साल बघा, पन्नाशीचं दशक. गुडघ्याच्या आत बघायला एमआरआय नव्हता. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, अस्थिबंध आणि गादी दिसत नाही. फाटलेली गादी असेल तर गुडघा उघडून ती आख्खी काढून टाकायची, ही तेव्हाची नेहमीची पद्धत. ब्रिटिश डॉक्टर फेअरबँक यांनी १९४८ सालीच दाखवून दिलं होतं की गादी काढलेल्या गुडघ्यात पुढं झिजेच्या खुणा दिसतात, पण जगभरच्या सर्जनांना ते पटायला कित्येक वर्षं गेली. दुर्बिणीतून गादीचा फाटका तुकडा तेवढा काढायची शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९६२ साली केली ती जपानच्या मसाकी वातानाबे यांनी. त्याच जपानात १९१८ साली केंजी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासायची दुर्बीण घालून बघितलं होतं. क्षयानं गुडघा कडक झाला की जपानी माणसाला जमिनीवर मांडी मोडून बसता येत नाही, ही त्यांची काळजी होती. आपल्यासारखंच जमिनीवर बसणारं राष्ट्र, म्हणून त्यांना गुडघ्याची किंमत आधी कळली असावी.

तर खाशाबांच्या वेळी कोल्हापूर-मुंबईतल्या पैलवानाला काय मिळायचं? वस्तादाची मालीश, लेप, पट्टी, विश्रांती. लचकलेल्या स्नायूला यातनं आराम पडतो. तुटलेल्या अस्थिबंधाला नाही.

याची तुलना करायची तर विनेश फोगाटशी करा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी झाली आणि २०१८ ला तिनं आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२३ ला दुसऱ्यांदा गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ ला ती पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली. पुढं वजनाचं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. पण गुडघा तिला थांबवू शकला नाही. खाशाबांना हीच सोय १९५५-५६ ला मिळाली असती तर? या तरचं उत्तर कुणाकडंच नाही, पण प्रश्न पडतो खरा.

गुडघा गेल्यावर खाशाबा पोलीस खात्यात राहिले. २७ वर्षं नोकरी केली, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. क्रीडा संघटनांनी विचारलं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल धावेत त्यांना मान मिळाला, तेवढंच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा. भारताला पुढचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसनं १९९६ ला आणलं, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक थेट २००८ ला, सुशील कुमारचं. आणि महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं कुस्तीत कांस्य घेतलं, तेही ५७ किलोत. खाशाबांचाच आकडा.

आता तुमच्या-आमच्या गुडघ्याचं. आपण काय ऑलिम्पिकला जाणार नाही, पण शाहूवाडीच्या पावसात वाकून भाताची रोपं लावणारी बाई, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन डोंगर उतरणारा माणूस, गल्लीत टर्फवर कबड्डी-फुटबॉल खेळणारं पोरगं, सगळ्यांचा सांधा तोच आणि कायदाही तोच. रोवलेला पाय पिळला की गुडघा जातो. तासन्‌तास कमरेत वाकून राहिलं की मणक्यांमधल्या चकतीवर ताण येतो. वर्षानुवर्षं भार पडला की कूर्चा झिजते, सकाळी उठल्यावर सांधा आखडतो, आणि आपण त्याला वाताचं दुखणं म्हणून सोडून देतो.

मैदानात गुडघा पिळला, आवाज आला, सूज चढली तर त्या दिवशी मालीश नको. ताज्या दुखापतीवर जोरात चोळलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरकडं जा. पायावर भारच देता येत नसेल किंवा गुडघा अडकला असेल तर त्याच दिवशी जा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे गुडघा नॉर्मल असं नसतं, कारण अस्थिबंध त्यात दिसत नाही, हे वर आलंच आहे. पाय दगा देत असेल तर तसं डॉक्टरला सांगा. अस्थिबंध तुटला तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. शेतीकाम किंवा ऑफिस करणारे कितीतरी जण नुसत्या मांडीच्या व्यायामावर नीट चालतात. पिळ्याचा खेळ पुन्हा खेळायचा असेल तर मात्र बहुतेकदा नवा अस्थिबंध बसवावा लागतो आणि त्यानंतर मैदानात उतरायला साधारण नऊ महिने थांबावं लागतं. घाई करणाऱ्यांचा तोच गुडघा पुन्हा जातो.

आणि हो, मोहिमेला जाणार असाल तर महिनाभर आधीपासून बैठका मारा. सावकाश खाली जायचं, सावकाश वर यायचं. उतरणीला ब्रेक लावणारा स्नायू तोच आहे.